पेपर वाचायचा पगार कोण देतं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या एका वडिलांचं पत्र आलंय. लेक बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजात कुणीतरी येऊन बिझनेस एन्व्हायर्नमेंट स्कॅनिंगवर लेक्चर दिलं आणि तेव्हापासनं पोरीनं एकच धरलंय की मला स्ट्रॅटेजीत जायचंय, कंपनीच्या बाहेर काय चाललंय ते बघायचं काम करायचंय. वडील विचारतात, "सर, अशी नोकरी असते तरी का? पेपर वाचायचा पगार कोण देतं? आणि त्यासाठी कर्ज काढून पुण्याला एमबीएला पाठवू का?"

दादा, नमस्कार. देतात पगार, आणि बऱ्यापैकी देतात. आणि हे काम तुम्ही स्वतः दर पावसाळ्यात करताच की. जुलै लागला की सकाळी उठून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघता, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले ते विचारता, आणि त्यावरनं ठरवता की पुण्याचा माल आज रात्रीच काढायचा का थांबायचं. २०१९ च्या ऑगस्टला हायवेवर पाणी येऊन गाड्या कित्येक दिवस अडकल्या तेव्हा ज्यांनी माल आधी काढला ते सुटले. मोठ्या कंपन्या हेच वर्षभर करतात, नदीच्या जागी सरकारी धोरण, डॉलर, कच्च्या मालाचा भाव, नवीन टेक्नॉलॉजी, गिऱ्हाईक आणि स्पर्धक असतो एवढंच. आणि कितीला पोचलं की काय करायचं हे आधी लिहून ठेवलेलं असतं, ते नसेल तर नुसतं बघत बसणं झालं.

पोरीला पुस्तकात पेस्टेल शिकवलं असेल, राजकीय, आर्थिक, सामाजिक असे सहा कप्पे. परीक्षेत मार्क मिळतात त्याला, चांगलंय, पण कप्पे भरणं हे काम नव्हे. खरं काम कसं असतं ते तिला आपल्याच भागातल्या उदाहरणानं सांगा, साखरेच्या.

७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं आदेश काढला की त्या इथेनॉल वर्षात उसाच्या रसापासनं आणि पाकापासनं इथेनॉल करायचं नाही. हंगाम ऐन रंगात यायला लागलेला, आणि कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्या कारखान्यांचं गणितच बिघडलं. पुढं आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत थोडी सूट मिळाली, पण तोवर धावपळ व्हायची ती झाली. आता उलटं मागं चालत जा. त्याच वर्षी ८ जूनला अमेरिकेच्या हवामान खात्यानं एल निनो आल्याचं जाहीर केलेलं, म्हणजे पॅसिफिक समुद्र तापतो आणि आपल्याकडं बऱ्याचदा पाऊस कमी पडतो ते. मग आपल्याकडं ऑगस्ट १९०१ पासनंचा सगळ्यात कोरडा गेला. ऊस वाळायला लागला म्हणजे साखर कमी होणार ही ओरड सुरू, ऑक्टोबरात साखरेच्या निर्यातीवरचे निर्बंध पुढं वाढवले, आणि समोर लोकसभेची निवडणूक, त्या वर्षात कुठलं सरकार साखर महाग होऊ देईल हो? यातली एकही गोष्ट गुप्त नव्हती, सगळी पेपरात आलेली, पण हवामानाची बातमी एका पानावर, निर्यातीची दुसऱ्या, निवडणुकीची तिसऱ्या, आणि त्या जोडून "रस बंद झाला तर आपण बी-हेवी मोलॅसिसवर (थोडी साखर आत ठेवलेल्या मळीवर) किती दिवस चालू, बँकेचा हप्ता कुठनं देऊ" हा कागद सप्टेंबरातच करून ठेवणारं माणूस किती ठिकाणी होतं? आदेशाची तारीख कुणाला सांगता आली नसती, मी तर म्हणतो सांगायचा प्रयत्न पण करू नये, तो ज्योतिष्याचा धंदा. असं झालं तर आपण काय करायचं हे तयार पाहिजे. शेल तेल कंपनीचं नाव या विषयात निघतं ते याचसाठी, १९७० च्या दशकाच्या सुरवातीला त्यांनी तेल अचानक महागलं तर काय हे आधी मांडून बघितलेलं, आणि १९७३ ला अरब देशांनी पुरवठा रोखल्यावर काही महिन्यांत भाव जवळजवळ चौपट झाला तेव्हा ते बाकीच्यांपेक्षा लवकर सावरले.

आता नोकरीचं. जाहिरातीत "एन्व्हायर्नमेंट स्कॅनर पाहिजे" असं कधी दिसणार नाही. मार्केट इंटेलिजन्स, कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्स, पॉलिसी किंवा रेग्युलेटरी अफेअर्स, कमोडिटी रिसर्च, परचेसमधला अॅनालिस्ट, अशा नावांनी शोधायला सांगा. क्रिसिल, इक्रा, केअरएज सारख्या रेटिंग कंपन्यांत, म्हणजे कोण कर्ज फेडू शकेल ते तपासणाऱ्या,  एकेका उद्योगावर नजर ठेवणारी माणसं असतात, सुरवातीला शिकायला लई चांगली जागा. थेट स्ट्रॅटेजी टीममध्ये फ्रेशर फारसे घेत नाहीत, घेतले तर मोठ्या बी-स्कूलचे. आणि खरं सांगायचं तर बातम्या गोळा करून मेल करायचं जे ज्युनियर काम होतं ते आता एआय दोन मिनिटांत करतंय, त्याच्यावर करिअर उभं राहणार नाही. उरतं ते काय तर एखादा धंदा आतनं माहीत असणं. इथं तुमच्या पोरीचं पारडं जड आहे, ती लहानपणापासनं शॉपवर आलीय, पिग आयर्न वाढलं की घरात काय बोलणं होतं तिला माहीत आहे, हे पुण्या-मुंबईच्या पोरांना कुठनं येणार.

म्हणून एमबीएची घाई मी करणार नाही. सीईटी देऊ दे, कॅट पण देऊ दे, एकदम वरचं कॉलेज मिळालं तर कर्जाचा विचार करू, पण नाव सोडून काही नसलेल्या कॉलेजात लाखो घालून "एमबीए इन स्ट्रॅटेजी" घ्यायला माझा साफ विरोध आहे. त्यापेक्षा दोन वर्षं परचेस, एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन किंवा रेटिंग कंपनीत काढली तर मग एमबीएचा उपयोग होतो. एक्सेल आणि ताळेबंद वाचणं मात्र पक्कं पाहिजे, तिथं सूट नाही.

आणि तोवर घरातच सुरू करा. तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ट्रॅक्टरवालं आहे असं लिहिलंय. ती कंपनी लिस्टेड असेल तर दर तीन महिन्यांनी त्यांचे साहेब गुंतवणूकदारांशी कॉन्फरन्स कॉलवर बोलतात, त्याचा लेखी मजकूर बीएसईच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. पुढच्या सहामाहीत मागणी कशी, कुठला पार्ट बाहेरनं घेणार, कुठला बंद करणार, बरंच बोलून जातात ती माणसं, आणि त्यांचा परचेसवाला तुम्हाला जे सांगतो त्याच्याशी ताडून बघायला मजा येते. सरकारच्या 'वाहन' नावाच्या वेबसाइटच्या डॅशबोर्डवर दर महिन्याला किती ट्रॅक्टर रजिस्टर झाले ते कळतं. मग डीजीएफटीच्या, म्हणजे आयात-निर्यातीचे नियम काढणाऱ्या केंद्राच्या खात्याच्या, नोटिफिकेशन्स. २०२५ च्या जानेवारीपासनं केंद्रानं लो अॅश मेट कोकच्या (भट्टीत जाळायच्या कमी राखेच्या कोळशाच्या) आयातीवर कोटा लावला, तुमचे कास्टिंगवाले ज्या फाउंड्रीत कपोला (लोखंड वितळवायची कोकवरची भट्टी) चालवतात तिथं त्याचा चटका बसणार हे उघड होतं, आणि त्याची चौकशी व्यापार खात्यात बऱ्याच आधीपासनं चालू होती. युरोपचा बाहेरनं येणाऱ्या मालावरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासनं प्रत्यक्ष लागू झाला, लोखंड-पोलाद त्यात आहे, पण तुमच्या गिऱ्हाइकाच्या मालाचा एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा नंबर) त्या यादीत बसतो का नाही हे तिला शोधू दे. असं एक काम धड केलं की ते इंटरव्ह्यूला दाखवता येतं, सर्टिफिकेटपेक्षा जास्त चालतं.

दर शनिवारी एक पान, चार ओळी काय बदललं आणि दोन ओळी आपण काय करायचं. तुम्ही ते वाचून तिच्याशी भांडायचं, हे पण नक्की करा. बड्या कंपन्यांत पण रिपोर्ट छान होतात आणि साहेबाच्या टेबलावर पडून राहतात, कोडॅकच्या इंजिनियरनं १९७५ लाच डिजिटल कॅमेरा करून दाखवला होता, कंपनी २०१२ ला दिवाळखोरीत गेली.

पत्रात तिचे अकाउंट्सचे आणि स्टॅटचे मार्क लिहायचे राहिलेत, आणि पोरगी घर सोडून मुंबईला राहायला तयार आहे का ते पण. तेवढं कळवा, मग कुठं अर्ज टाकायचे ते नावानिशी सांगतो. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.