काच आपोआप फुटते का हो?

प्रश्न: दादरला माझं छोटं कपड्यांचं दुकान आहे, पुढे बिनफ्रेमचा काचेचा दरवाजा, १२ एमएम टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेली काच). परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही, कुणी हात लावला नाही आणि धाडकन आख्खा दरवाजा खाली! बसवणारा म्हणतो काहीतरी आपटलं असणार. दुसरा काचवाला म्हणतो टफन आपोआप पण फुटते, गोडाऊनला एक तयार पडलीय, मापात कापून उद्या लावतो. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, आधी त्या दुसऱ्याला थांबवा. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की चुरा होतो. म्हणजे एकतर तो उगाच बोलतोय नाहीतर साधी काच टफन म्हणून गळ्यात मारतोय, आणि साधी काच फुटली की सुऱ्यासारखे तुकडे पडतात, दुकानाच्या दारात ती नकोच. माप घेऊन, भोकं-खाचे आधी करून मग भट्टीत, त्याला चार दिवस लागले तर लागू देत. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का बघून घ्या.

बाकी आपोआप फुटते हे मात्र खरंय. काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्याला न दिसणारा कण राहिला तर तो हळूहळू फुगतो आणि वर्षं-दोन वर्षांनीसुद्धा काच जाते. हे टाळायला काच कारखान्यातच परत तापवून बघतात, हीट सोक म्हणतात त्याला, पैसे जास्त पडतात. पण खरं सांगू, दरवाज्याच्या बाबतीत मला आधी संशय येतो तो फिटिंगवर. १२ एमएम म्हणजे स्क्वेअर मीटरला ३० किलो, ३ बाय ७ फुटांचा दरवाजा साठेक किलोला जातो, आणि हे सगळं वजन खालच्या फ्लोअर स्प्रिंगवर, म्हणजे लादीत बसवलेल्या, दरवाजा फिरवणाऱ्या स्प्रिंगवर. स्प्रिंग ढिली पडली की दरवाजा लटकतो, खालचा कोपरा लादीला घासतो, टफनची ताकद मधे असते, कडेला नाही, तिथे बारीक टवका उडाला की आज नाही उद्या फुटणारच. पॅच फिटिंगमधे (काच धरणाऱ्या धातूच्या पकडीत) काच आणि पत्रा यात गॅस्केट, म्हणजे मऊ पट्टी, घातलंय का तेही बघा, पैसे वाचवायला बरेच जण ते खातात. लादीवर अर्धगोल ओरखडा दिसतोय का? असेल तर नवीन काचेआधी स्प्रिंग बदला.

प्रश्न: अंधेरीला चौथ्या मजल्यावर ऑफिस आहे, पावसात स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून पाणी आत येतं. मिस्त्री म्हणतो सगळीकडे सिलिकॉन मारू.

उत्तर: सगळीकडे नको! खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. धूळ नाहीतर मागच्या वेळचं सिलिकॉन बसून ती बुजतात, मग ट्रॅक भरतो आणि पाणी आत. तार घालून साफ करा, मग मगभर पाणी ओतून बघा बाहेर पडतंय का. सिलिकॉन फक्त फ्रेम आणि भिंतीच्या फटीत, तेही बाहेरून, कोरड्या दिवशी, जुनं खरवडून काढून, आणि न्यूट्रल मागा, व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटला नीट धरत नाही. बाहेरच्या कामाला माणूस बेल्ट लावून उतरेल हे आधी ठरवून घ्या, नाहीतर काम देऊ नका.