सांध्यांचे बोल्ट आवळूनही वॅगन आदळतात; रूळ नेमके कसे जोडावेत?

आपला प्रश्न असा आहे की, कारखान्याच्या आवारातल्या जुन्या सायडिंगवर, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटलेल्या बाजूच्या रूळमार्गावर, वॅगन प्रत्येक सांध्यावर आदळतात, बोल्ट आवळले की आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तोच खडखडाट सुरू होतो. तेव्हा फिशप्लेट, म्हणजे दोन रुळांची टोके बोल्टने जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या, बदलाव्यात की सगळे सांधे वेल्ड करून टाकावेत? माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे रूळमार्गाच्या देखभालीत गेली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो की, आपला मूळ बिघाड बहुधा बोल्टात नाही. बोल्ट ढिला होतो तो सांधा रोज मार खातो म्हणून, आणि हा मार कुठून येतो ते शोधल्याशिवाय नव्या फिशप्लेट लावल्या तरी त्या जुन्यांच्याच वाटेने जातील.

चाक आणि रूळ यांचा प्रत्यक्ष स्पर्श जेमतेम बोटाच्या नखाएवढ्या जागेत होतो. भरलेल्या वॅगनच्या एका चाकावर दहा टनांच्या आसपास वजन असेल, तर ते सगळे त्या नखाएवढ्या जागेतून रुळात उतरते. दोन रुळांच्या टोकांत अर्ध्या मिलिमीटरचीही उंचसखलता असली तरी चाकाला ती पायरीच असते; चाक आणि आस यांच्यावर स्प्रिंगचा आधार नसल्यामुळे त्यांचे संपूर्ण वजन त्या पायरीवर घणासारखे पडते. या घावाने रुळाचे टोक थोडे दबते, फिशप्लेटच्या टेकणाऱ्या कडा झिजतात, बोल्ट सैल होतो आणि खालची खडी चुरडते. म्हणून पुढचा घाव आणखी मोठा बसतो. सांधा मजबूत करणे आणि चाकासाठी पृष्ठभाग सपाट ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत असे पुष्कळांना वाटते, पण मला ते एकच काम वाटते, कारण यातले एक बिघडले की दुसरे फार दिवस टिकत नाही.

मग टोके एकमेकांना भिडवूनच का ठेवत नाहीत, असा प्रश्न येतो. त्याचे कारण तापमान आहे. २० मीटर लांबीचा पोलादी रूळ ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ९ मिलिमीटर लांब किंवा आखूड होतो. ही वाढ सामावण्यासाठी फिशप्लेटच्या सांध्यात फट ठेवावी लागते आणि बोल्टला आत थोडे सरकायला वाव मिळेल एवढी रुळातली भोके सैल ठेवतात. ही फट रूळ बसवताना त्या वेळच्या रुळाच्या तापमानावरून ठरवायची असते. हवेचे तापमान पाहून ठरवू नये, कारण भर उन्हात रूळ हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. आपल्या सायडिंगवर काही फटी पूर्ण मिटलेल्या आणि काही बोटभर रुंद झालेल्या दिसत असतील, तर रूळ हळूहळू एका बाजूला सरकले आहेत असे समजावे. ते मागे ओढून फटी सारख्या केल्याशिवाय पुढचे कुठलेही काम हाती घेऊ नये.

फिशप्लेट ही विल्यम ब्रिजेस ॲडम्स या इंग्रज अभियंत्याची देणगी. त्याचे पेटंट १८४७ सालचे आहे. नावातल्या ‘फिश’चा माशाशी संबंध नाही. जहाजाच्या कमकुवत झालेल्या डोलकाठीला आधाराची फळी बांधत, तिला खलाशांच्या भाषेत तो शब्द होता. फिशप्लेटचे मर्म तिच्या पाचरीसारख्या आकारात आहे. ती रुळाच्या माथ्याची खालची बाजू आणि तळाची वरची बाजू यांच्यामध्ये घट्ट रुतून बसते आणि रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीला तिने टेकता कामा नये. बोल्ट आवळला की ही पाचर आत शिरते आणि दोन्ही टोकांना एका उंचीत व एका रेषेत धरते. कडा झिजल्या की प्लेट आत सरकत जाऊन शेवटी उभ्या पट्टीला टेकते. त्यानंतर बोल्ट कितीही आवळला तरी ताकद नुसती पट्टीवर खर्च होते आणि रुळाचे टोक वरखाली हलतच राहते. आपल्याकडे बोल्ट आवळूनही गुण येत नाही याचे हे एक अगदी संभाव्य कारण आहे आणि ते प्लेट काढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्लेट काढलीच आहे तर घाई करू नका. रॉकेल लावलेल्या फडक्याने रुळाची टोके पुसून कोरडी करा आणि बोल्टच्या भोकांभोवती बॅटरीचा उजेड तिरका पाडून पाहा. मला असा एक सांधा आठवतो, जो वरून निर्दोष दिसत होता. चारही बोल्ट घट्ट होते आणि हातोडीने ठोकल्यावर आवाजही खणखणीत येत होता. प्लेट काढून जुने ग्रीस पुसले तेव्हा पहिल्या भोकाच्या कडेपासून तिरपी वर गेलेली, केसाएवढी बारीक तांबूस रेघ दिसली. तो गंज भेगेतून बाहेर आला होता. त्या रुळावरून सकाळपासून गाड्या जात होत्या, हे आठवले की अजूनही माझ्या पोटात कालवते. ५ नोव्हेंबर १९६७ रोजी लंडनजवळ हिदर ग्रीन येथे नेमक्या अशाच भेगेमुळे सांध्यातल्या रुळाच्या टोकाचा त्रिकोणी तुकडा निखळला, गाडी घसरली आणि ४९ माणसे मृत्युमुखी पडली. फ्रान्समध्ये ब्रेतिन्यी-स्युर-ऑर्ज येथे १२ जुलै २०१३ रोजी सांधेबदलातली, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेतली, एक फिशप्लेट बोल्ट निकामी झाल्यामुळे जागेवरून फिरली आणि त्या अपघातात ७ जणांचा जीव गेला. आपल्या सायडिंगवर वेग कमी असल्यामुळे धोका त्या मानाने कमी आहे, परंतु तडा जाण्याचे कारण तेच असते.

म्हणूनच रुळाला भोके नेहमी ड्रिलनेच पाडावीत आणि त्यांच्या धारदार कडा थोड्या उतरवाव्यात. गॅसने भोक पाडलेला रूळ मी माझ्या मार्गावर कधीही ठेवून घेतला नाही. टेकणाऱ्या कडांना ग्रीस लावावे, आधी मधले दोन बोल्ट आणि मग बाहेरचे दोन आवळावेत. बोल्टची डोकी एकाआड एक विरुद्ध बाजूंना ठेवावीत, म्हणजे घसरलेल्या चाकाने एका बाजूची नटे तोडली तरी निम्मे बोल्ट शाबूत राहतात.

आता खालची गोष्ट, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सांधा दोन स्लीपरांच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या तुळयांच्या, मध्ये असतो आणि फिशप्लेट कितीही चांगली असली तरी त्या जागी अखंड रुळाइतका ताठपणा येत नाही, त्यामुळे शेजारच्या दोन स्लीपरांवर नेहमीपेक्षा अधिक भार पडतो. भरलेली वॅगन संथपणे जात असताना सुरक्षित अंतरावर गुडघ्यावर बसून त्या दोन स्लीपरांकडे पाहा. चाक सांध्यावर येताच स्लीपर खाली जाऊन पुन्हा वर उसळत असेल आणि खडीवर वाळलेल्या राखाडी चिखलाचा थर दिसत असेल, तर खडीखाली पाणी साचून माती वर येत आहे. ती खडी काढून, चाळून, पाण्याला वाट करून देऊन, स्लीपरखाली पुन्हा घट्ट ठोकून भरावी लागते. माझ्या मते आपल्या तक्रारीतला मोठा हिस्सा इथे आहे.

वेल्डिंगकडे येऊ. जागेवर करायचे थर्मिट वेल्डिंग हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या शोधावर उभे आहे. १८९५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९९ साली एसेन शहराच्या ट्रामच्या रुळांवर ही पद्धत वापरली गेली. लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ॲल्युमिनियम ओढून घेतो आणि त्यातून इतकी उष्णता निर्माण होते की, अर्ध्या मिनिटाच्या आत मुशीत वितळलेले पोलाद तयार होते. ॲल्युमिनियमची मळी हलकी असल्याने वर तरंगते, खालचे पोलाद मात्र रुळांच्या टोकांभोवती बसवलेल्या वाळूच्या साच्यात उतरते. टोकांमध्ये साधारण २५ मिलिमीटरची फट ठेवलेली असते आणि ओतण्यापूर्वी ती टोके ज्योतीने लालभडक तापवलेली असतात. हे तापवणे अपुरे झाले तर नवे पोलाद जुन्याला एकजीव होत नाही, आणि साचा दमट असेल तर वाफेमुळे आत बुडबुडे राहतात. पावसाच्या सरीत उरकलेले वेल्डिंग म्हणजे पुढच्या तुटीची तयारी आहे, असेच मी मानतो.

या कामातली सर्वांत नाजूक पायरी मात्र ओतण्याच्या आधीची असते. रुळाचा माथा जाड असल्यामुळे तो तळापेक्षा उशिरा थंड होतो आणि शेवटी आकसताना सांध्याला खाली झुकवतो. म्हणून एक मीटरची सरळपट्टी ठेवून दोन्ही टोके किंचित उंच धरतात, म्हणजे थंड झाल्यावर सांधा सपाटीला येतो. जास्तीची धातू गरम असतानाच कापून काढतात, थोडा उंचवटा मुद्दाम राखतात आणि रूळ थंड झाल्यावर ग्राइंडरने घासून अखेरची सपाटी आणतात. उंचवटा घासून काढता येतो, पण खाचेत धातू परत घालता येत नाही. म्हणून घासणाऱ्याने पुनःपुन्हा सरळपट्टी लावून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, अंतर पाहावे, माथ्यावर आणि चाकाची कडा घासते त्या आतल्या बाजूलाही. अनुभवी माणूस डोळे मिटून अंगठा फिरवून दोष सांगतो, तरीही नोंद मापाचीच करावी. त्यानंतर ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारी अल्ट्रासोनिक तपासणी करून घ्यावी.

दुसरी पद्धत फ्लॅश बट वेल्डिंगची. तीत टोकांमधून प्रचंड विद्युतप्रवाह सोडून ती तापवतात आणि दाबून एकजीव करतात. बाहेरची धातू लागत नाही आणि सांधा थर्मिटपेक्षा भरवशाचा होतो, परंतु त्यासाठी लागणारे यंत्र छोट्या सायडिंगवर आणणे सहसा परवडत नाही.

सगळे सांधे वेल्ड करण्याचा विचार मात्र सांभाळून करावा. फट नाहीशी झाली म्हणून रुळाचे तापणे थांबत नाही. मीटरला सुमारे ६० किलो वजनाचा रूळ दोन्हीकडून जखडला आणि तो ३० अंशांनी तापला, तर त्यात सुमारे ५५ टनांचा दाब साठतो. लांब वेल्ड केलेल्या मार्गावर हा दाब स्लीपरवरच्या क्लिपांची पकड आणि स्लीपरांच्या टोकांबाहेरपर्यंत भरलेली खडी तोलून धरतात. शिवाय रूळ मोकळे करून, ठरलेल्या तापमानाला जेवढी लांबी हवी तेवढे ताणून मगच जखडतात. ही व्यवस्था नसेल तर उन्हाळ्याच्या दुपारी मार्ग सापासारखा वाकडा होतो.

म्हणून आपल्यासाठी मी पुढीलप्रमाणे काम सुचवीन. प्रथम फटी सारख्या करून प्रत्येक प्लेट काढावी, टोके तपासावीत आणि भेग दिसलेला रूळ त्याच दिवशी मार्गातून काढावा. मग सांध्याखालची खडी साफ करून पक्की भरावी. जिथे टोके दबली आहेत तिथे तो भाग बोल्टच्या भोकांसह कापून टाकावा आणि तीन-तीन रूळ थर्मिटने जोडून मधले सांधे कमी करावेत. कापल्यामुळे लांबी घटेल, तेव्हा भरीचे तुकडे त्याच मापाच्या आणि तेवढ्याच झिजलेल्या रुळाचे घ्यावेत, नाहीतर नवी पायरी तयार होईल. उरलेल्या सांध्यांना नव्या प्लेट लावाव्यात. सिग्नलसाठी विद्युतरोधक सांधे असतील तर त्यांना हात लावण्याआधी सिग्नल विभागाला बोलवावे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बोल्ट पाहावेत आणि भरलेली वॅगन जाताना ते दोन स्लीपर पुन्हा पाहावेत; ते हलत असतील तर पाना बाजूला ठेवून आधी त्यांच्याखालची खडी पुन्हा ठोकावी.