वाचक विचारतात : दिवसा उडणारे पतंग

प्रश्न : आमच्या गच्चीतल्या पेंटासवर संध्याकाळी हमिंगबर्ड येतो. बसत नाही, हवेतच थांबून मध पितो. ठाण्यात हा पक्षी कुठून आला?

उत्तर : हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात, भारतात एकही जात नाही. आपले शिंजीर मध पिताना बहुतेक वेळा फांदीला धरून बसतात. फुलापुढे तरंगत राहणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा जीव म्हणजे हॉकमॉथ, फुलपाखराच्या नात्यातला एक पतंग. शहरातल्या बागांत त्याचे दोन प्रकार दिसतात. पंख काचेसारखे आरपार दिसत असतील, अंग शेवाळी हिरवे, पोटावर तांबूस पट्टा आणि शेपटीला काळा झुपका असेल, तर तो सेफोनोडेस हायलस. पुढचे पंख तपकिरी आणि मागच्या पंखांवर पिवळा-नारिंगी डाग असेल, तर तो मॅक्रोग्लॉसम. मॅक्रोग्लॉसमच्या अनेक जाती एकमेकींसारख्या दिसतात. फोटोवरून जात सांगायचा अट्टाहास करू नका, निरीक्षणाच्या वहीत मॅक्रोग्लॉसम एवढेच नाव पुरे.

मॅक्रोग्लॉसम सकाळी लवकर आणि उन्हे कलताना जास्त येतो. सेफोनोडेस भर उन्हातही फिरतो. दोघांना लांब, अरुंद नळीची फुले आवडतात : पेंटास, एक्झोरा, घाणेरी. घाणेरी मुद्दाम लावू नका, ती पसरली की आवरत नाही.

प्रश्न : सोसायटीच्या हिरवळीवर काळे पंख आणि पोटावर पिवळे पट्टे असलेल्या माश्या जोडीने बसलेल्या दिसतात. मुलांना चावतील का? (पुणे)

उत्तर : नाही. हे अमाटा पतंग आहेत. त्यांना नांगी नसते, चावायला जबडाही नसतो. गांधीलमाशीचे सोंग घेतल्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जायला कचरतात. खरी गांधीलमाशी ओळखायची ती कमरेवरून : छाती आणि पोट यांच्यामध्ये ती दोऱ्याएवढी बारीक असते. अमाटाचे अंग सलग जाड असते. त्याच्या काळ्या पंखांत पारदर्शक खिडक्या असतात, मागचे पंख अगदी लहान असतात आणि तो संथ, जमिनीलगत उडतो. जोडी शेपटीला शेपटी जोडून, तोंडे उलट दिशांना करून गवताच्या पात्यावर बराच वेळ बसते. फोटोसाठी याहून सोपा पतंग नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सकाळी शोधा.

प्रश्न : अनंताच्या झाडाची पाने एका हिरव्या अळीने फस्त केली. मागे काटा आहे. माळी फवारणी करू म्हणतो. करू द्यावी का? (नाशिक)

उत्तर : कृपया थांबवा. अनंतावरची, शेपटीशी शिंग असलेली अळी बहुधा वर सांगितलेल्या सेफोनोडेसचीच आहे. शिंग मऊ असते, टोचत नाही. जमिनीत रुजलेले निरोगी झाड पाने गेली तरी पुन्हा फुटते. कुंडीतले रोप अगदी लहान असेल, तर एक-दोन अळ्या ठेवून बाकीच्या दुसऱ्या अनंतावर हलवा. निंबोळी तेल किंवा बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचे औषध) 'नैसर्गिक' म्हणून विकले जाते, पण अळी त्यानेही मरते.

घरात वाढवायची असेल, तर जाळीचे झाकण असलेली बादली घ्या. हवाबंद बरणीत वाफ धरते, बुरशी येते. तळाशी पाच-सहा सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरा. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी, पण पाणी गळू नये. अनंताची डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी आत उतरून बुडते. विष्ठा रोज काढा, पाने रोज ताजी द्या, फवारलेल्या झाडाची मुळीच नकोत.

खाणे थांबवून, रंग मळकट होऊन अळी खाली फिरू लागली की ती कोष करणार. तेव्हा तिला हात लावू नका. उबदार हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येतो. त्याआधी बादलीत खरखरीत काठी तिरपी उभी करायला विसरू नका. काठीवर चढून, पंख खाली लोंबते ठेवूनच तो ते फुलवू शकतो. तशी जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि मग तो कधीच उडत नाही. नव्या पतंगाच्या पंखांवर राखाडी भुकटी असते, ती पहिल्या उड्डाणात झडते आणि पंख पारदर्शक होतात. कोषातून पतंगाऐवजी माशी निघाली, तर अळीच्या अंगात आधीच परजीवी माशीची पिल्ले वाढत होती असे समजा. त्यात तुमची चूक नाही.

बागेत हा कोष पालापाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात असतो. रोज झाडून पाला जाळणाऱ्या, झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेल्या सोसायटीत अनंत असूनही पतंग दिसत नाहीत, ते यामुळेच. बुंध्याभोवती हातभर रुंदीचा पाला तसाच राहू द्या, एवढे तरी माळीबुवांना आवर्जून सांगा.

सूचना : केसाळ अळ्यांना मात्र बोट लावू नका. काहींच्या केसांनी त्वचेवर गांधी उठतात.

प्रश्न : छोट्या बाल्कनीत काय लावावे? (डोंबिवली)

उत्तर : एका कुंडीत माठ किंवा राजगिरा. त्यावर स्पोलाडिया हा नखाएवढा, तपकिरी पंखांवर पांढरा पट्टा असलेला पतंग वाढतो आणि दिवसा फुलांवरही येतो. ऊन चांगले असेल तर खुळखुळा लावा : नारिंगी पंखांवर काळे ठिपके असलेल्या आर्जिनाच्या अळ्या त्याच्या शेंगा पोखरतात. पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला उथेथेइसा खुळखुळ्यावर आणि भुरुंडीवर येतो. तो एरवी गवतात दडून असतो, पाऊल पडले की उडून चार हातांवर पुन्हा बसतो.

प्रश्न : मिशांच्या टोकाला गाठ असली की फुलपाखरू, नसली की पतंग, हा नियम पक्का का?

उत्तर : बहुतेक वेळा चालतो. पण हॉकमॉथच्या मिशा टोकाकडे जाड होऊन आकड्यासारख्या वळतात, तेव्हा फसगत होते. म्हणून फोटो काढताना वरून पंख, बाजूने अंग आणि मिशा असे तिन्ही टिपा. तरंगणाऱ्या पतंगाचे पंख स्थिर दिसायला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका शटर वेग लागतो. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि त्यातली चौकट निवडा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. फोटो तारीख आणि ठिकाणासह आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तुलनेसाठी मॉथ्स ऑफ इंडिया हे संकेतस्थळ पाहा. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो. आपल्याकडे तेव्हा ऐन पावसाळा असतो, उघडीप मिळाली की लगेच बाहेर पडा.