भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपचा अण्वस्त्रांशी काय संबंध?

संबंध आहे, आणि थेट आहे. तुम्ही लिहिलंय की भोसरीत तुमचं सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या मशिनचं) युनिट आहे, दुबईच्या एका ट्रेडरने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची ऑर्डर दिलीय आणि तुमचा सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) ‘माल शेवटी कोण वापरणार’ हे लेखी मागतोय. पुण्यात निर्यातीची कागदपत्रं करणं हेच माझं काम आहे. तुमचा सीएचए तुमची अडवणूक करत नाहीये.

ऑक्टोबर 2003 मध्ये ‘बीबीसी चायना’ नावाचं जर्मन मालकीचं जहाज दुबईहून लिबियाला निघालं होतं. ते वाटेतून इटलीतल्या तारांतो बंदरात वळवलं गेलं. आतल्या लाकडी खोक्यांत सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियम अण्वस्त्रांच्या दर्जापर्यंत समृद्ध करू शकणाऱ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रांचे, सुटे भाग निघाले. ऑर्डर पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान यांच्या, अण्वस्त्रांचं तंत्रज्ञान चोरून विकणाऱ्या जाळ्यातली, आणि भाग बनवले होते मलेशियातल्या एका मशिनिंग कारखान्याने. माल तेल आणि वायू उद्योगासाठी आहे असं आम्हाला सांगितलं होतं, असं त्या कारखान्याचं म्हणणं. म्हणजे ड्रॉइंग आलं, जॉब काढला, टॉलरन्स तपासला, माल रवाना. आपल्याकडे रोज हेच चालतं! अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि इटली एकत्र आले म्हणून जहाज थांबलं, पण तोवर माल कारखान्यातून कधीच बाहेर पडला होता.

म्हणून एप्रिल 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 1540 केला. आपापल्या देशातून असा माल जाऊ न देणं तेव्हापासून प्रत्येक देशावर बंधनकारक आहे. भारताने 2005 मध्ये कायदा केला. आपली ‘स्कोमेट’ यादी, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात करता न येणाऱ्या अशा मालाची सरकारी यादी, त्याच साखळीतली. एनएसजी या अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांच्या गटाचे आपण अजून सदस्य नाही, तरी त्यांच्या यादीशी आपली यादी जुळवून घेतलीय. मला हे मनापासून योग्य वाटतं.

आता तुमचं ड्रॉइंग बघा. 460 मेगापास्कल किंवा जास्त ताण सोसू शकणारा मिश्रधातू आणि 75 मिलिमीटरपेक्षा मोठा बाहेरचा व्यास, अशी नळी सेंट्रिफ्यूजसाठी वापरता येते, म्हणून ती एनएसजीच्या यादीत आहे. 7075 हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू असेल तर ताकदीची अट सहज पूर्ण होते. नळी यादीत नसली तरी माल अण्वस्त्रांसारख्या शस्त्रांसाठी जाणार हे माहीत असेल किंवा तसं मानायला कारण असेल, तर परवाना लागतोच. ट्रेडर ग्राहकाचं नाव सांगायला टाळाटाळ करत असेल, तर मी ती ऑर्डर घेणार नाही. नाव मिळालं आणि माल यादीत बसला, तर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर परवान्यासाठी अर्ज करा. तो अनेक खात्यांच्या समितीपुढे जातो, वेळ लागतो. डिलिव्हरीची तारीख कबूल करण्याआधी हे हिशेबात धरा.