मोंबासाचं पान वहीत राहू द्या

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मन भरून आलं. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून नातीच्या हट्टाखातर ते बोटीवरच्या आठवणी सांगतात आणि तुम्ही वहीत उतरवून घेता. तुमच्या शिवाजी पेठेतल्या घरात सगळ्यांना पाठ असलेले किस्से आधी आले. केनियातल्या मोंबासाच्या किलिंडिनी बंदरात ते आंब्यांच्या पिशवीसकट गँगवेवरून, म्हणजे बोटीच्या शिडीवरून, पाण्यात पडले. तिथल्या लिकोनीच्या फेरीबोटीत डोळा लागला आणि बोटीवर परतायची वेळ टळली. मग मलेरिया झाला आणि बोट त्यांना हॉस्पिटलात ठेवून पुढे गेली. परवा मात्र त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, की १९७३ च्या त्या आजारपणात जुन्या शहरातली एक मुलगी रोज उजी, म्हणजे तिकडची नाचणीची पेज, घेऊन यायची आणि त्यांचा जीव तिच्यावर जडला होता. तुमचा हात तिथेच थांबला. "जन्मभर मी त्यांना आंबील करून घातली. ती माझ्या हातची म्हणून आवडते की तिची आठवण म्हणून?" असं तुम्ही विचारलंय. आणि हे पान ठेवू की फाडू, हेही.

फाडू नका.

तुमचं लग्न १९७६ चं. त्यामुळे यात फसवणूक नाही, हे तुम्हीच लिहिलंय. तो काळही तसा होता. १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद होता, युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायच्या. कंटेनर सगळीकडे पोचले नव्हते. पोती आणि पेट्या स्लिंगने, म्हणजे दोरांच्या झोळीने, चढवत-उतरवत एकेका बंदरात आठवडे जायचे. आजच्या पोरांची बोट दिवसा-दोन दिवसांत सुटते, त्यांना गाव दिसतसुद्धा नाही. तेव्हा घरापासून इतक्या लांब, तापातून उठलेल्या, तिथली भाषा न येणाऱ्या त्या पोराला कुणी गरम पेज आणून दिली. मला तर त्या मुलीबद्दल माया वाटली.

तुम्हाला लागलंय ते वेगळंच. पाण्यात पडल्याची गोष्ट त्यांनी पै-पाहुण्यांना पंगतीत रंगवून सांगितली आणि ही मात्र इतकी वर्षं तुमच्यापासून राखून ठेवली. हा सल खरा आहे, तो गिळू नका. नात घरात नसताना सरळ विचारा, "अहो, मला का नाही सांगितलंत?" आंबिलीचंही विचारा. इतक्या वर्षांनी ते तुमच्यासमोर बोलले, तुमच्याच हाताने लिहायला दिलं, यात विश्वासही आहे असं मला वाटतं. पण ते त्यांच्या तोंडून ऐका, माझ्या नको.

तिचं खरं नाव आणि घराचा पत्ता मात्र लिहू नका. तिचाही संसार असेल, नातवंडं असतील. नात फेसबुकवर शोधू म्हणाली तरी नको म्हणा.

आणि काकू, तुमच्या पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे: "पहिल्या मुलाच्या बारशाला ते नव्हते, सासूबाईंचं दुखणं मी एकटीने काढलं." एवढंच? पत्राला आठवडे लागायचे त्या दिवसांत घर तुम्ही चालवलंत, आणि वहीत त्याचा एक शब्द नाही. याचा मला राग आला. उद्या काकांना ऐकायला बसवा, नातीच्या हातात पेन द्या आणि तुम्ही सांगा. मागच्या पानांवर नको. मोंबासा संपतं तिथल्याच पुढच्या कोऱ्या पानापासून लिहायला सांगा.