30 हजारांचा मदरबोर्ड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की रायझन 5 7600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड पक्कं झालंय, गेम आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग करायचंय, पण दुकानदार 30 हजारांच्या मदरबोर्डसाठी मागं लागलाय. नका घेऊ. बी650 चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप), त्याच्या निम्म्या किमतीतला बोर्ड तुम्हाला पुरून उरतो.

हाच प्रोसेसर आणि हेच कार्ड दोन्ही बोर्डांवर लावलं तरी गेममध्ये फ्रेम्स जवळपास तेवढ्याच येतात. महागड्या बोर्डात पैसे जातात ते एसएसडीच्या जादा जागा, यूएसबी4, वेगवान लॅन आणि ओव्हरक्लॉकिंगसाठीच्या (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठीच्या) भक्कम व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला. 7600 पूर्ण जोरात चालला तरी 88 वॅटच्या आसपास वीज घेतो. तेवढ्याला एवढा तामझाम लागत नाही.

मात्र अगदी स्वस्तातलाही नको. मी परभणीला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पैसे वाचवायला इंटेलच्या आय7-12700 प्रोसेसरसोबत दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्ड घेतला होता. हिवाळा बरा गेला. मे महिन्यात, ऐन लगीनसराईत, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली बसून रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायचं काम) लावला की दहा मिनिटांत वेग पडायचा. मी प्रोसेसरचा कूलर बदलला, पेस्ट बदलली, काही फरक नाही. शेवटी कळलं की तापत होता व्हीआरएम, म्हणजे एसएमपीएसकडून (कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याकडून) येणारे 12 व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टाच्या आसपास उतरवणारा भाग. त्यावर हीटसिंकच (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नव्हता, आणि जळू नये म्हणून बोर्ड प्रोसेसरचा वेगच कमी करत होता. हा प्रोसेसर भर कामात 180 वॅटपर्यंत ओढतो, तुमचा त्याच्या निम्म्यावर आहे. तरी आपल्याकडं पारा 43-44 ला जातो, म्हणून व्हीआरएमवर हीटसिंक आहे का हे डब्यावरचा फोटो बघून नक्की तपासा.

दुसरं, बायोस (बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलंच सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड निवडा. बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड सुरूच होत नाही. हे बटण असलं की पेनड्राइव्हवरून बायोस परत घालता येतो. तुमचा 7600 ज्यात बसतो त्या एएम5 सॉकेटवर 2024 मधले रायझन 9000 मालिकेचे प्रोसेसरही चालतात, म्हणजे पुढं कधीतरी अपडेट करायची वेळ येणारच.

उरलेल्या पैशांतून चांगला 550 वॅटचा एसएमपीएस आणि 1000 व्हीएचा यूपीएस घ्या. 4060 कार्ड 115 वॅटचं आहे, त्यामुळं मॉनिटर धरूनही भार त्यात आरामात बसतो. लाईट दिवसातून चारदा जाते-येते तिथं याचा उपयोग बोर्डापेक्षा कितीतरी जास्त. आणि डेझर्ट कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवू नका, ती दमट हवा आणि धूळ मिळून आत चिखलासारखा थर धरतो.

घरात अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी बघून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही असं समजा. तसं असेल तर कोळसा-मीठ घालून खड्डा करून घ्या आणि उन्हाळाभर त्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतत जा. माती वाळली की ते अर्थिंग काही कामाचं राहत नाही.