नवा लॅपटॉप, जुन्या मराठी फायली आणि ऑफिसचा प्रश्न

तुमचा प्रश्न वाचला. एरंडवण्यातल्या सोसायटीच्या तुम्ही सचिव. जुना डेस्कटॉप विंडोज १० चा, त्यावर ऑफिस २०१०. आता विंडोज ११ चा लॅपटॉप आलाय आणि त्यातलं वर्ड महिन्याभरातच वर्गणी मागायला लागलंय. मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यावं, लिबरऑफिस टाकावं की सगळं गूगल डॉक्सवर न्यावं, असं तुम्ही विचारलंय. दुकानदार म्हणतो, ‘मी ऑफिस टाकून देतो, काळजी करू नका.’ आणि जाता जाता लिहिलंय की वडिलांचे कित्येक वर्षांचे लेख श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत आणि डेस्कटॉप पुढच्या आठवड्यात भंगारात द्यायचाय.

तो डेस्कटॉप कृपया इतक्यात देऊ नका. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावण्याच्या, कामात माझी बरीच वर्षं गेली. ऑफिसचा संच चुकीचा निवडला तर तो बदलता येतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र एकदा मागे राहिला की तो परत मिळवणं महाकठीण. म्हणून आधी वडिलांचे लेख, मग बाकीचं.

कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर छान मराठी दिसतो. फाइलच्या आत मात्र ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांच्यावर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीची चित्रं चढवतो, एवढंच. श्रीलिपीचे जुने फॉन्टही याच पद्धतीचे, फक्त कुठल्या कळीवर कुठलं अक्षर हा हिशेब वेगळा. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर वर्ड असो, लिबरऑफिस असो की गूगल डॉक्स, तिन्हीकडे इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसणार. यात संचाचा काही दोष नाही. आणि फॉन्ट टाकून अक्षरं दिसायला लागली तरी त्या लेखांमध्ये ‘ज्ञानेश्वर’ शोधायला गेलात तर काहीही सापडणार नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी नाहीच.

डेस्कटॉप अजून सुरू होतो, हे फार चांगलं आहे. त्याच्यावर बसून आधी वडिलांची प्रत्येक फाइल पीडीएफ करून घ्या. ऑफिस २०१० मध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’मध्येच पीडीएफचा पर्याय आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे लेख कुठेही जसाच्या तसा दिसेल आणि पुढे रूपांतर ताडून बघायला मूळ प्रत हाताशी राहील. मग विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून श्रीलिपीचे, कृतिदेवचे आणि असलेच तर सुरेखचे फॉन्ट पेन ड्राइव्हवर उचला. काही लेख पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये लावलेले असतील तर त्यांचीही पीडीएफ तिथेच काढा; त्या फायली आजचा कुठलाही ऑफिस संच भरवशाने उघडत नाही. मशीन मध्येच बंद पडलं तर घाबरू नका. हार्ड डिस्क काढून तपकीर गल्लीत यूएसबीचं केसिंग मिळतं, त्यात घालून लॅपटॉपला जोडा.

त्यानंतर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, रूपांतर. कृतिदेव आणि श्रीलिपी दोन्हींसाठी फुकट रूपांतरक इंटरनेटवर आहेत. मजकूर चिकटवायचा, युनिकोड उचलायचा. ठळक-तिरपं, तक्ते वगैरे यात निघून जातं, ते पुन्हा करावं लागतं. तपासताना सगळा लेख शब्दन्‌शब्द वाचायला वेळ नसेल तर चुका कुठे होतात ते सांगतो: रफार (कार्य, वर्ष, अर्थ), पहिली वेलांटी (विशेषतः जोडाक्षरावरची, जसं ‘शक्ती’चं ‘शक्तिमान’ होतं तिथे), आणि आपला खास मराठी ऱ्य. ‘पुऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’ हे शब्द हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या रूपांतरकांत हमखास बिघडतात. आणखी एक. लेखात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर रूपांतरक त्यांनाही मराठी समजून त्यांचं काहीतरी भलतंच करतो. वर्डच्या ‘फाइंड’मध्ये फॉन्टच्या नावाने शोधता येतं; कृतिदेवमधला तेवढाच मजकूर निवडून रूपांतरित केलात तर इंग्रजी वाचतं. वेळखाऊ काम आहे, रोज एक लेख या गतीने करा. वडील जवळ बसले तर उत्तमच, चूक त्यांच्याच नजरेला आधी दिसेल.

आता संच. तुमच्या कामाचं तुम्ही जे वर्णन केलंय (इतिवृत्त, नोटिसा, मेंटेनन्सचा हिशेब, उपनिबंधक कार्यालयाला पत्रं) त्याला माझ्या मते लिबरऑफिस पुरतं. ते फुकट आहे, कायम राहतं, इंटरनेट लागत नाही. फक्त नाव नीट बघून उतरवा. पूर्वीचं ओपनऑफिस होतं त्याच्यातून २०१० मध्ये लिबरऑफिस वेगळं झालं आणि विकासाचा सगळा जोर तिकडे गेला. अपाचे ओपनऑफिस अजूनही मिळतं, सवयीने बरेच जण तेच शोधून टाकतात. पण ते वर्डची .docx फाइल उघडतं आणि त्या प्रकारात सेव्ह करू शकत नाही. सोसायटीच्या पत्रव्यवहाराला ते बिनकामाचं.

लिबरऑफिस टाकल्यावर दोन गोष्टी लगेच करा, नाहीतर पहिल्याच दिवशी वैतागून काढून टाकाल. ऑप्शन्समध्ये ‘लोड/सेव्ह’खाली नेहमीचा फाइल प्रकार वर्डचा ठरवून ठेवा, म्हणजे समोरच्याला फाइल उघडत नाही ही तक्रार येणार नाही. दुसरी गोष्ट मराठीची. लिबरऑफिस इंग्रजी मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतं, आकारसुद्धा वेगवेगळा. म्हणून इंग्रजी बाराच्या आकारात आणि मराठी भलतीच दिसते असं होतं. भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडा. मग मुख्य स्टाइलमध्ये जाऊन तिथल्या वेगळ्या रकान्यात मराठीचा फॉन्ट आणि आकार एकदाच ठरवा. हिंदी न निवडता मराठीच निवडा, कारण नोटोसारख्या ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे मग पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. इतिवृत्ताच्या पानावर आपला ल आणि श दिसला की फार बरं वाटतं.

टायपिंगचा संचाशी संबंध नाही. विंडोज ११ मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (प्रमाण मराठी मांडणीचा) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर चालणारा) असे दोन्ही कळफलक आहेत. सेटिंग्जमध्ये भाषा जोडली की कुठल्याही प्रोग्राममध्ये चालतात.

जुन्या वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडताना साधी पत्रं बहुतेक जशीच्या तशी येतात. कॅलिब्री आणि केंब्रियाच्या जागी तेवढ्याच रुंदीचे कार्लिटो आणि कॅलेडिया फॉन्ट येतात, त्यामुळे ओळी सहसा हलत नाहीत. हलतं ते लेटरहेडवरचं टेक्स्ट बॉक्स, आकृत्या आणि अनेक पातळ्यांचे क्रमांक. तुमच्या सगळ्यात किचकट तीन फायली आधी उघडून बघा आणि मगच ठरवा. एकच फाइल आज वर्डमध्ये, उद्या लिबरऑफिसमध्ये, परवा गूगलमध्ये अशी फिरवत राहिलात तर क्रमांकांची वाट लागणारच. मूळ प्रत एकाच ठिकाणी ठेवा, बाहेर जाणारं पत्र पीडीएफ करून पाठवा.

मायक्रोसॉफ्टचं खरं एक्सेल कधी लागतं? आयकर विभागाची एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, चालते, जीएसटीचं ऑफलाइन टूलही एक्सेल मागतं. लिबरऑफिसवर त्यांचा भरवसा धरू नका. तुमच्या लेखापरीक्षकांनी मॅक्रो असलेली फाइल दिली असेल तरी तेच. मेंटेनन्सच्या हिशेबाला मात्र यातलं काही लागत नाही. बेरजा, फिल्टर, पिव्होट सगळं लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (त्यांचं एक्सेल म्हणा) आहे. एक्सेलमधलं एक्सलुकअप हे शोधायचं सूत्रसुद्धा २०२४ च्या २४.८ आवृत्तीपासून आलंय.

मुलगा बीकॉमला आहे म्हणालात. त्याला नोकरीच्या मुलाखतीत एक्सेलच विचारणार, त्यामुळे त्याचा हात एक्सेलवर बसायलाच हवा. आधी कॉलेजच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टची सोय मिळते का ते त्याला विचारायला सांगा. नसेल तर घरासाठी ३६५ फॅमिली घेण्यात अर्थ आहे. एक वर्गणी सहा जणांना चालते, प्रत्येकाला एक टीबी ऑनलाइन जागा मिळते. वर्गणी थांबवली तर फायली कुठे जात नाहीत, पण वर्डमध्ये नुसतं वाचता आणि छापता येतं, दुरुस्ती बंद. दरवर्षीचे पैसे नको असतील तर एकदाच पैसे भरून ऑफिस २०२४ मिळतं, एका संगणकापुरतं.

त्याआधी लॅपटॉपचं बिल नीट वाचा. बऱ्याच लॅपटॉपवर कायमचं ऑफिस किमतीत धरलेलं असतं आणि लोक त्यालाच चाचणीची आवृत्ती समजतात. वर्ड उघडून ‘फाइल’मधल्या ‘अकाउंट’वर गेलात की उत्पादनाचं नाव दिसतं. तिथे कायमचा परवाना निघाला तर तो स्वतःच्या ईमेलवर चालू करा. दुकानात दुसऱ्याच्या ईमेलवर चालू करून दिलेला परवाना तुमचा राहत नाही, लॅपटॉप फॉरमॅट केला की संपलं.

दुकानदाराचं ‘टाकून देतो’ नको. काहीशे रुपयांच्या ‘लाइफटाइम’ किल्ल्या (ऑफिस चालू करायचे कोड) आणि क्रॅक केलेलं ऑफिस यांचा धोका तुमच्यासारख्यांना जास्त. त्या लॅपटॉपवर शंभर सभासदांचे फोन, पत्ते आणि सोसायटीच्या बँकेचे तपशील असतात. क्रॅक चालवायला बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

गूगल डॉक्स समितीसाठी जरूर वापरा. इतिवृत्ताचा कच्चा मसुदा तिथे टाकला की अध्यक्ष आणि खजिनदार घरबसल्या शेरे मारू शकतात. फक्त सोसायटीच्या नावाचं वेगळं खातं उघडा. सचिवाच्या वैयक्तिक खात्यावर कागद ठेवले की सचिव बदलल्यावर सगळा इतिहास त्याच्याबरोबर जातो, हे मी एकापेक्षा जास्त सोसायट्यांत पाहिलंय. वडिलांना आता टंकणं जड जात असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं. त्यांना बोलू द्या. विरामचिन्हं नंतर तुम्ही घाला.

वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीकडेही लक्ष द्या. विंडोज ११ सुरुवातीच्या मांडणीत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर तिकडे चढवायला लागतं आणि फुकट जागा पाच जीबीच असते. लेखांच्या पीडीएफ टाकल्या की ती भरते आणि त्या खात्यावर आउटलुकचा ईमेल असेल तर मेल अडकायला लागतात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून तो बॅकअप बंद करा. वडिलांच्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी घराबाहेर, भावाकडे किंवा बहिणीकडे.

रूपांतर करताना एखादा लेख अगदीच बिघडला तर त्यातला एक परिच्छेद, फॉन्टचं पूर्ण नाव आणि त्या पानाची पीडीएफ एवढं पाठवा. श्रीलिपीचे फॉन्ट क्रमांकांनी ओळखले जातात आणि रूपांतरकात चुकीचा फॉन्ट निवडलेला असतो असं पुष्कळदा निघतं. फॉन्टचं नाव कळलं की बाकीचं मी बघून सांगतो.